आधी नळी मापावी

गेल्या आठवड्यात आमच्या ओळीतल्या घरांची छपरं दुरुस्त करायला माणसं आली. चिमणीभोवतीचा जुना शिशाचा पत्रा त्यांनी उचकटला आणि वरून खालच्या लोखंडी पेटीत धाडधाड टाकायला सुरुवात केली. मी मीटिंगमध्ये होते, कानात हेडफोन, तरी तो आवाज ऐकून सवयीनं उठले आणि मागच्या दाराशी गेले. कुंपणापलीकडे हाक मारणार होते की काका, पत्रा काढतायत, धावा लवकर. तोंड उघडलं आणि मिटलं. शेजारच्या घरात आता एक तरुण डच जोडपं राहतं. त्यांना शिशाचं काय करायचंय?

कारखानीस काका असते तर एव्हाना पायात सपाता, हातात स्पेक्युलास बिस्किटांचा पुडा आणि चेहऱ्यावर साळसूद भाव घेऊन त्या कामगारांपुढे उभे राहिले असते. आधी बिस्किटं द्यायची, मग हवापाण्याच्या गप्पा, आणि मग अगदी सहज सुचल्यासारखं विचारायचं, हे जुनं शिसं तुम्ही टाकूनच देणार ना? ते 'हो' म्हणाले की सायकलच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्या भरायच्या आणि ढकलत घरी आणायची. टायर बसलेलं, काका घामाघूम, आणि थाट असा की मुलीचं लग्न जमवून आलेत. आणलेल्या शिशात नख रुतवून बघायचे आणि मलाही बघायला लावायचे. छपराचं शिसं म्हणजे त्यांच्या लेखी घरच्या लोण्याचा गोळा.

अरविंद कारखानीस मूळचे ठाण्याचे. आइंडहोवनमध्ये त्यांनी जन्म काढला, एका कंपनीच्या मापं घेणाऱ्या विभागात. यंत्राचा एखादा भाग तयार होऊन आला की तो सांगितल्या मापाचा आहे की नाही, एवढंच ते ठरवायचे. निवृत्त झाल्यावर मापायला काही उरलं नाही, असं त्यांना कधी वाटलं नाही, कारण त्यांच्याकडे मोठ्या बोअरची, म्हणजे रुंद नळीची, दोन रिव्हॉल्व्हर होती. पोलिसांचा रीतसर परवाना, भिंतीत बोल्ट ठोकलेली पोलादी तिजोरी, नेमबाजीच्या क्लबचं सभासदत्व, सगळं कायद्यात. गोळ्या मात्र विकतच्या चालायच्या नाहीत. त्या मागच्या बागेतल्या शेडमध्ये स्वतः ओतायचे.

आम्ही इथे राहायला आलो तेव्हा शेजारी मराठी माणूस मिळाला म्हणून मी हरखून गेले होते. पहिल्याच भेटीत त्यांनी सगळं सांगून टाकलं. निखिलचा, माझ्या नवऱ्याचा, चेहरा बघण्यासारखा झाला. घरी येऊन म्हणतो, अगं, कुठे येऊन पडलो आपण, हा तर पिस्तुलवाला निघाला. ते कुंपणापलीकडून काकांना ऐकू गेलं असावं. दुसऱ्या दिवशी मला थांबवून त्यांनी समजावलं की पिस्तूल वेगळं आणि रिव्हॉल्व्हर वेगळं, निखिलला सांग. राग पिस्तुलवाला म्हटल्याचा नव्हता, चुकीच्या शब्दाचा होता.

आम्ही ही गोष्ट इथल्या मराठी मंडळात कुणाला सांगितली नाही. शेजारचे काका काय करतात असं कुणी विचारलं, की बागकाम करतात म्हणायचो. आपल्या माणसांत बंदूक म्हटलं की लोक दोन पावलं मागे सरकतात, आणि आपण असल्या माणसाच्या शेजारी राहतो याची आम्हाला उगाचच लाज वाटायची. वास्तविक काका असे की घरात कोळी निघाला तर पेला आणि पोस्टकार्ड घेऊन त्याच्यामागे फिरणार, त्याला अलगद पकडून बागेत सोडणार आणि वर त्याची माफी मागणार. रिव्हॉल्व्हरवाल्याला कोळी मारवत नाही, म्हणून मी त्यांना चिडवायचे. ते म्हणायचे, कागदावर नेम धरतो मी, जिवावर नाही.

त्यांची बायको, सुधाकाकू, आम्ही येण्याआधीच गेल्या होत्या. पण त्यांचा हुकूम चालू होता. स्वयंपाकघरात शिसं यायचं नाही. शेडमधून आले की काका दाराबाहेर चपला काढायचे, कपडे बदलायचे, बागेतल्या नळावर कोपरापर्यंत हात धुवायचे आणि मगच घरात पाऊल टाकायचे. घरात बघायला कुणी नव्हतं, तरी थंडीतसुद्धा हे चुकायचं नाही.

शेडमध्ये एक विजेची छोटी भट्टी होती. दार सताड उघडं, पंखा चालू, तोंडावर मास्क. करोना येण्याआधीपासून आमच्या गल्लीत मास्क लावणारे ते एकटेच. छपराचं मऊ शिसं, गाडीच्या चाकांना तोल साधायला लावतात ती जुनी कडक वजनं आणि थोडं कथील असं ते मिसळायचे. साच्यात ओतायचे, साचा उघडून फडक्यावर गोळ्या पाडायचे. सुरकुती पडलेली गोळी परत भट्टीत. अंगानं तुकतुकीत निघाली तीच ठेवायची. मग खरी परीक्षा. रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरमध्ये जे खाने असतात, त्या प्रत्येक खान्याच्या पुढच्या तोंडात गोळी ठेवायची आणि पेन्सिलीनं हलकेच ढकलायची. आपोआप घरंगळली तर बारीक. ठोकावी लागली तर जाड. पेन्सिलीच्या दाबानं, थोडी कुरकुर करत का होईना, सरकली की ती मापाची.

मी एकदा विचारलं, एवढा खटाटोप कशाला, दुकानात मिळतात की. त्यावर म्हणाले, "दुकानातली गोळी सगळ्यांना बसते, म्हणजे ती कुणालाच बसत नाही."

मग सांगत बसले. लोकांना वाटतं, गोळी जितकी कडक तितकी चांगली. साफ चूक. कडक आणि जराशी बारीक गोळी असली की तिच्या कडेनं गरम वायू निसटतो, तिचंच शिसं वितळवतो आणि नळीला आतून फासतो. नेम बिघडतो, आणि मग नळी खरवडत बसा तासन्‌तास. गोळी मापाची हवी, आणि मऊ चालते. मऊ असली की नळीशी जुळवून घेते. हे सगळं ते इतक्या मायेनं सांगायचे की कुणाला वाटावं, लोकरीचा स्वेटर विणण्याबद्दल चाललंय.

मराठीच्या बाबतीतही हेच. आमची सातारची बोली त्यांना सैल वाटायची. नुसतं शिसं म्हणजे गोळी, पितळी नळकांड्यात दारूसकट बसवली की तिला काडतूस म्हणायचं, हे मला त्यांनी किती वेळा ऐकवलं असेल. आणि क्रियापदं! प्रत्येक नामाचं क्रियापद ठरलेलं असतं, म्हणायचे, ते मापाचं बसलं पाहिजे, सैल बसलं की अर्थ गळतो. त्यांची लेक मीनल लहान असताना तिला शाळेत सोडायला जाताना सायकलवर ते पाठच करून घ्यायचे म्हणे. टोपी घालतात. चष्मा लावतात. गजरा माळतात. बांगड्या भरतात. शाल पांघरतात. छत्री घेतात. डच मुलांच्या घोळक्यातून ही बापलेक असं काहीतरी म्हणत चालली आहेत, हे डोळ्यांपुढे आणून मला अजून हसू येतं.

मीनल लायडनला राहते. तिथल्या सायन्स पार्कमध्ये संशोधनाचं काम करते, चाळिशीची आहे, एकटी आहे. इथे वाढलेली बाकीची मुलं मराठीत विचारलं की डचमध्ये उत्तर देतात. माझा स्वतःचा मुलगा देतो. मीनल मात्र बापाशी मराठीच बोलायची. मोडकं, अडखळत, लिंगवचनाचा पार चुराडा करत, पण मराठी. "बाबा, माझी ट्रेन उशीर झाली." की लगेच पलीकडून काका सुधारणार, ट्रेनला उशीर झाला. ती निमूट पुन्हा म्हणणार. मला तिची दया यायची. काकांना म्हटलं तर म्हणायचे, तिला सवय आहे.

पहिला लॉकडाऊन उठल्यावर त्या उन्हाळ्यात क्लब उघडला आणि काकांनी मला पाहुणी म्हणून एकदा नेलं. तिथे त्यांचा मित्र हेंक होता, सत्तरीचा, तोंडाचा फाटका, पोटातलं लगेच ओठावर आणणारा. त्यानं नवं रिव्हॉल्व्हर घेतलं होतं आणि चार बार काढले की नळी शिशानं भरून जायची. काकांकडून आणलेल्या गोळ्यांनाच तो शिव्या घालत होता. काकांनी ऐकून घेतलं. नळीत तेल सोडलं, मऊ शिशाचा एक तुकडा तोंडाशी ठेवला आणि लाकडी दांड्यानं टकटक करत हळूहळू आत ढकलायला लागले. डोळे मिटलेले, हाताला काय जाणवतंय तेवढंच बघत होते. एका जागी थांबले. तिथे शिसं अडत होतं. मग हेंकला दांडा धरायला लावला. नळी जिथे चौकटीत पिळून घट्ट बसवतात, तिथेच ती आतून किंचित आक्रसलेली होती. कारखान्यात कुणीतरी गरजेपेक्षा जास्त आवळली होती. गोळी बिचारी तिथून जाताना चेपायची, बारीक व्हायची आणि पुढे सगळा गोंधळ.

काका त्याला डचमध्ये जे म्हणाले ते मला येताना गाडीत मराठीत सांगितलं. "गोळीला नावं ठेवण्याआधी नळी मापावी. आवळलेली असते ती नळी, आणि शिव्या खाते ती गोळी." या वाक्यावर स्वारी इतकी खूश होती की घर येईपर्यंत दोनदा म्हणाले.

मग तो हिवाळा आला. क्लब पुन्हा बंद, दुकानं बंद, संध्याकाळनंतर संचारबंदी, घरात एका वेळी एकच पाहुणा. काकांना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला होता. डॉक्टर फोनवरच भेटायचे. औषधं आणायचं काम माझ्याकडे होतं, आणि रोज कुंपणावरून मी विचारायचे, "काका, गोळी घेतली का?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी अर्थातच मला दुरुस्त केलं. आमच्या घरी औषधाला पिल म्हणतात, गोळी शेडमध्ये असते. सुधाकाकूंनीच म्हणे तो नियम केला होता, घरात एका शब्दाच्या दोन वस्तू नकोत, पोरीचा घोटाळा व्हायचा. मी म्हटलं, काका, अख्खा महाराष्ट्र गोळीच घेतो, तुम्ही कोण मोठे लागून गेलात. ते हसले. त्या महिन्यांत मराठी बोलायला त्यांना माझ्याशिवाय माणूस नव्हतं. फोनवर मीनल होती, पण ती रविवारी. हळूहळू माझी सैल भाषा त्यांच्या तोंडात बसली. मी विचारायच्या आधीच सांगायला लागले, घेतली गं गोळी. मला काय माहीत, हा शब्द कुठे जाऊन फुटणार आहे!

तो रविवार बर्फाचा होता. दुपारी मीनलचा फोन आला तेव्हा काकांचं डोकं दुखत होतं. ते तिला म्हणाले, "कंटाळा आला या सगळ्याचा. आता गोळी घेतो आणि आडवा होतो, म्हणजे कटकट मिटेल."

आणि फोन ठेवला. आवाज बंद केला, गोळी घेतली आणि झोपले.

मीनलला आयुष्यभर गोळी म्हणजे एकच वस्तू माहीत होती. आई गेलेली, बाप एकटा, महिनोन्‌महिने घरात कोंडलेला, आणि घरात दोन रिव्हॉल्व्हर. तिनं परत फोन केला, परत केला. कुणी उचलेना. माझा नंबर तिच्याकडे नव्हता. मी कधी दिलाच नव्हता, कुंपणापलीकडे तर होते, कशाला हवा नंबर! तिनं पोलिसांना फोन लावला. दुसरं काय करणार होती ती?

घरात शस्त्रं असल्याची नोंद पोलिसांकडे होतीच. गल्ली दोन्ही टोकांनी बंद झाली. हेल्मेटवाला एकजण आमच्या दारात येऊन खिडकीपासून लांब राहा म्हणून सांगून गेला. निखिल मुलाला घेऊन मागच्या खोलीत गेला. मी गेले नाही. मी वरच्या मजल्यावर पडद्याआड उभी राहून सगळं बघितलं. सांगायला लाज वाटते, पण बघितलं. कर्ण्यावरून कुणीतरी त्यांचं नाव घेत होतं, ते डच उच्चारात वाकडंतिकडं होऊन गल्लीभर घुमत होतं. दार उघडलं आणि काका बाहेर आले. डोक्याला कानटोपी, अंगात अर्धा स्वेटर, पायजम्याची नाडी लोंबतेय, पाय अनवाणी, आणि दोन्ही हात वर. त्या बर्फात. झोपेतून उठलेल्या माणसाला काहीच कळत नव्हतं. मग त्यांनी वर आमच्या खिडकीकडे बघितलं. मी चटकन मागे झाले. समोरच्या घरातून कुणीतरी व्हिडिओ काढला आणि संध्याकाळपर्यंत तो गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला.

पोलीस त्यांना गाडीत घालून घेऊन गेले, पण रात्र व्हायच्या आत सोडलं. डॉक्टर बोलले त्यांच्याशी, शहाणासुरता माणूस आहे हे त्यांच्याही लक्षात आलं. पोलीस वाईट वागले नाहीत, एकानं स्वतःचे मोजे दिले होते. पण रिव्हॉल्व्हर, काडतुसं, दारू, ओतलेल्या गोळ्या, सगळं गेलं. शेडमध्ये राहिली ती भट्टी, साचा आणि शिशाच्या लगडी.

दुसऱ्या दिवशी मीनल आली. मी भाजी-भाकरीचा डबा घेऊन कुंपणाशी गेले होते, आणि दोघं बागेत उभी होती, मध्ये अंतर ठेवून. काकांना मी कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

"टोपी घालतात, छत्री घेतात! औषधाची गोळी घेतात आणि माणसाला गोळी घालतात. इतकं साधं कळत नाही तुला? सगळ्या गल्लीसमोर नागडं केलंस मला. मराठी येत नसेल तर बोलू नकोस. ऐकूसुद्धा नकोस."

मीनलच्या तोंडावर मास्क होता, नुसते डोळे दिसत होते. डचमध्ये, अगदी हळू, ती म्हणाली की ठीक आहे बाबा. मी डबा घेऊन तशीच मागे वळले. घरात येऊन ओट्याशी उभी राहिले आणि मला रडू आलं. तो शब्द माझ्या तोंडून त्यांच्या तोंडात गेला होता.

त्यानंतर मीनलनं मराठी सोडलं. येणं सोडलं नाही, उलट दर रविवारी यायला लागली. ट्रेननं यायची, बापाचा फ्रिज भरायची, लसीची वेळ ठरवायची, चादरी बदलायची. पण सगळं डचमध्ये. काकांचं डच उत्तम, चाळीस वर्षं मुरलेलं. त्यामुळे अडत काहीच नव्हतं. दोघं अतिशय सभ्यपणे बोलायची, टपाल कचेरीत बोलावं तशी. काका मुद्दाम मराठीत काहीतरी विचारायचे, ती डचमध्ये उत्तर द्यायची. आमच्या पोरांचं आम्हाला इतकं अंगवळणी पडलंय की त्यात दुखण्यासारखं काय आहे, हे मला त्या घराकडे बघून कळलं.

काका वाळायला लागले. गल्लीत कुणी 'गुड मॉर्निंग' केलं तरी खाली बघायचे. कचऱ्याचा डबा अंधार पडल्यावर बाहेर ठेवायचे. मी एकदा म्हटलं, काका, लाज कसली, चूक तुमची नव्हे, लोक विसरले. ते म्हणाले, "लोकांची नाही गं वाटत."

उन्हाळ्यात परवान्याचं पत्र आलं. तो रद्द करायचा पोलिसांचा विचार होता, पण त्याआधी काकांना म्हणणं मांडता येणार होतं. हेंकनं लगेच क्लबातल्या एका वकिलाला गाठलं. वकील म्हणाला, सोपं आहे. मुलीनं लेखी द्यायचं की तिला वडिलांची भाषा नीट येत नाही आणि त्यामुळे तिचा गैरसमज झाला. शेजारणीनं द्यायचं की त्या वाक्याचा मराठीत सरळ अर्थ औषध घेणं असाच होतो. मी एका पायावर तयार होते. मीनलही लगेच तयार झाली. मान खाली घालून 'हो, नक्कीच देते' म्हणाली. चार-सहा आठवड्यांत रिव्हॉल्व्हर घरी आली असती. काकांचा जीव त्यात होता, हे मी सांगायला नको. शेडमध्ये जाऊन नुसते लगडी पुसत बसायचे.

माझं म्हणणं टाइप करून मी कुंपणावरून त्यांच्या हातात दिलं, तेव्हा त्यांनी ते वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक दाखवली आणि घडी करून परत दिलं.

"नको," म्हणाले. "परवाना मी माझा मीच परत करतोय. कळवून टाकलं."

मी भांडले. खरंच भांडले, असतील माझ्यापेक्षा वयानं मोठे. हा काय वेडेपणा, म्हटलं, एका सहीचं काम आहे, आणि ती द्यायला तयार आहे की.

"तयार आहे म्हणूनच," काका म्हणाले. "तिनं सही करून सांगायचं, मला माझ्या बापाची भाषा येत नाही. आणि ते मी फायलीला लावून रिव्हॉल्व्हर सोडवून आणायचं? अगं, या देशात वाढलेल्या पोरांत माझ्याशी मराठीत बोलणारी ती एकटी. तिला सगळी क्रियापदं पाठ करवली, आणि हे एक शिकवायचं राहिलं. राहिलं माझं, आणि बोल तिला लावला. गोळीला नावं ठेवण्याआधी नळी मापावी म्हणून जगाला सांगत फिरलो मी, वैशाली. कुठे आवळलेली होती, ते माझं मला बघता आलं नाही."

त्यांनी खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि टोमॅटोंना पाणी घालायला गेले.

मीनलला त्यांनी सांगितलं की खांदा दुखतो, आता ते वजन पेलवत नाही, म्हणून सोडलं. पण हेंकच्या तोंडाला कुलूप कुठे! एका रविवारी तो काडतुसं ठेवायचे रिकामे लाकडी डबे न्यायला आला आणि परवाना सोडण्याचं खरं कारण तिच्यासमोर ओकून गेला. त्या दिवशी ती बराच वेळ शेडमध्ये एकटी बसली होती. काका दारापर्यंत गेले आणि परत फिरले. मग परत गेले. मी माझ्या खिडकीचा पडदा ओढून घेतला, या वेळी बघायचं नाही असं ठरवून. तरी इतकं सांगते, ती तेव्हाही मराठी बोलली नाही. पण पुढच्या रविवारी दोघांनी मिळून भट्टी लावली. उरलेलं शिसं वितळवून हेंकसाठी लगडी ओतल्या. मास्क लावून, दार उघडं टाकून, न बोलता. आणि घरात जाण्याआधी मीनलनं नळावर कोपरापर्यंत हात धुतले, आईच्या हुकुमाप्रमाणे.

पानगळीच्या सुमारास काकांनी घर विकलं आणि ते लायडनला मीनलच्या जवळ राहायला गेले. पुढच्या हिवाळ्यात तिथेच गेले ते. अंत्यदर्शन मी लॅपटॉपच्या पडद्यावर घेतलं, ते मी धरत नाही. माझ्या लेखी त्यांना शेवटचं पाहिलं ते निघाले त्या सकाळी.

सामान आधीच गेलं होतं. मीनलनं भाड्याची गाडी आणली होती. काका पुढच्या सीटवर बसले, पट्टा लावलेला, डोक्याला तीच कानटोपी, मांडीवर मी दिलेला थालीपिठांचा डबा. गल्लीतले दोघे-तिघे निरोप द्यायला बाहेर आले होते, आणि काकांनी त्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांत बघून हात हलवला. मी खिडकीशी वाकून, पोचल्यावर फोन करा, असं काहीतरी बोलत होते. नंबर आता मीनलकडे होता. ती गाडीला वळसा घालून आली. तिला काहीतरी आठवलं होतं. मी बाजूला झाले, ती खिडकीत वाकली आणि थांबली. ओठ हलले, पुन्हा मिटले. शब्द जुळवत होती. नऊ-दहा महिन्यांत तिच्या तोंडून मराठी ऐकलं नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "गोळी घातली?"

आता हा माणूस सवयीनं दुरुस्त करणार, असं वाटून मी डोळेच मिटून घेतले. काकांनी डब्यावरचा हात उचलून खिडकीतल्या तिच्या हातावर ठेवला.

"घातली गं बाळ," ते म्हणाले. "सकाळीच घातली."